कागदावरचा गोरख

सरकारी कचेरीत तपासणी येणार म्हटलं की काय होतं, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. वर्षभर न पुसलेल्या खिडक्या पुसल्या जातात आणि माणसांना पोपटासारखं पढवलं जातं. वेल्ह्याच्या एका कचेरीत तेच चाललं होतं. संगणकावर काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांचा हुद्दा एक आणि काम दुसरंच, असं कुठं कुठं आहे, हे बघायला पुण्याहून एक बाई येणार होत्या. आणि कचेरीचे प्रमुख संजयराव सगळ्यांना बजावत होते, "कागदावर जो हुद्दा आहे, तेच काम सांगायचं. जास्तीचं तोंड उघडू नका."

आता काय म्हणावं याला! कागद बरोबर आहे का, हे तपासायला आलेल्या माणसाला कागदच वाचून दाखवायचा. पण तिथली रीतच ती.

गोरखला तर त्यांनी खास बोलावून बजावलं. कागदावर तो डेटा एंट्री ऑपरेटर, म्हणजे नोंदी टाईप करणारा. प्रत्यक्षात मार्गासनीपासून पासलीपर्यंतचे सरकारी संगणक, नेटची जोडणी, कचेरीतला सर्व्हर, सगळं तो एकटा सांभाळायचा. काम इंजिनिअरचं, हुद्दा ऑपरेटरचा. खरं बाहेर आलं तर 'इतकी वर्षं गप्प का बसलात' असं वरचे आपल्यालाच विचारतील, ही संजयरावांची धास्ती.

गोरखची धास्ती वेगळी होती आणि ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती. चाळिशी उलटली, लग्न जमलं नाही, आई आधीच गेलेली, वडील सोनबा गेल्या महिन्यात गेले. भाड्याच्या खोलीत तो आणि त्याचा मोबाईल. तो वाजायचा एवढ्याचसाठी, "गोरखभाऊ, नेट गेलंय." उद्या खरा इंजिनिअर नेमला तर मोबाईलही वाजायचा थांबेल. मग आपल्याला विचारणार कोण?

सुलक्षणाबाई आल्या. निवृत्तीला टेकलेल्या, बोलायला मऊ, पण नजर पक्की. सर्व्हरच्या थंडगार खोलीत त्या गोरखसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"काय काम करता?"

"नोंदी भरतो, मॅडम."

"एवढंच?"

"व्हय. एवढंच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं. शेवटची रजा कधी घेतली, ते सांगा."

"गेल्या म्हैन्यात. वडलांच्या दहाव्याला," गोरख म्हणाला आणि अडखळला. मग जे इतके दिवस आत दाबलं होतं, ते आपोआप तोंडून निघालं.

गावी, पासलीला, नदीकाठी पिंड ठेवले होते. कावळा काही शिवंना. सगळी भावकी हात जोडून उभी. तेवढ्यात मोबाईल वाजला, सर्व्हर बंद पडला होता. खाली रेंज नाही म्हणून गोरख टेकाडावर चढला आणि कुठली वायर काढायची, कुठली लावायची, ते सांगत बसला. उतरून आला तर लोक पांगत होते. बहीण अश्विनी म्हणाली, "शिवला कावळा, दादा. आबांनी लई वाट बघितली तुजी. कुठं व्हतास रं?"

बाई म्हणाल्या, "नोंदी भरणाऱ्याला दहाव्यातून उठवतं का कुणी?"

गोरखचे डोळे भरले. "मॅडम, खरं सांगितलं तर मी कुणाला लागनार न्हाई. काम हाय म्हणून तर लोक हाक मारत्यात."

"गरजेला हाक मारणं वेगळं आणि जीव लावणं वेगळं, गोरख. तुम्ही एकाला दुसरं समजून बसलात. आणि हुद्दा काही तुमच्या एकट्याचा नाही, तो या खुर्चीचा आहे. उद्या इथं कुणाची तरी लेक येईल. नोंदी भरायच्यात, एवढंच वाचून येईल आणि तुमच्यासारखीच पिळून निघेल. तिला काय सांगाल?"

चहाचं विचारायला आलेले संजयराव दारातच थबकले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मान खाली घालून ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी फोन मीच लावला होता. माझ्या आईच्या दहाव्याला मला कुणी असा लावला असता, तर मी मोबाईल नदीत फेकला असता. लिहा तुम्ही खरं. वरच्यांना मला काय विचारायचं ते विचारू देत."

मग गोरखनं काही हातचं राखलं नाही. बाईंनी शेरा मारला, हुद्दा चुकीचा आणि काम दोघांचं.

नव्या हुद्द्याच्या मंजुरीला सरकारी वेळ लागायचा तो लागणारच. पण रविवारी गोरखला कुणी फोन करायचा नाही, असं संजयरावांनी त्याच आठवड्यात ठरवून दिलं. पहिला रविवार त्याला खायला उठला. दुपार झाली तरी मोबाईल गप्प. ज्याची भीती होती तेच झालं. कुणालाही त्याची आठवण आली नाही. शेवटी त्यानंच मार्गासनीला दिलेल्या बहिणीला, अश्विनीला, फोन लावला.

"दादा? काय झालं रं? काय अडलंय का?"

"न्हाई गं. काम काय न्हाई. सहज केला."

मग ती म्हणाली, "जेवलास का?"

आई गेल्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. गोरखला हुंदका आवरला नाही.

मंडळी, तुमच्याही कचेरीत एखादा गोरख असेल. त्याच्या कामाला त्याचं खरं नाव द्या आणि काम नसतानाही त्याला विचारत जा. आणि तो गोरख तुम्हीच असाल, तर आपलं काम झाकून ठेवू नका. आज झाकलेलं ओझं उद्या दुसऱ्याच्या मानेवर बसतं.