पुढे पाठवलेलं भाषण

क्लोनडॉकिनच्या लायब्ररीत दर शनिवारी मेहनाजच्या कामासाठी तिच्यासोबत बसायचा मुक्ताला आता मनापासून कंटाळा आला होता, आणि तरी ती जायची. मेहनाज सूमरो सिंधची. पाच वेळची नमाजी, आणि तिकडच्या बायकांसाठी, हिंदू-ख्रिश्चन मुलींसाठी डब्लिनमध्ये बसून भांडणारी. तिचे लोक म्हणत, परक्यांसमोर आपली अब्रू कशाला काढतेस? मुक्ताचे लोक म्हणत, बरं झालं, त्यांचीच बाई त्यांना सुनावतेय. दोन्हीकडच्यांना समजावून समजावून मुक्ता पार थकली होती.

सध्या प्रश्न होता एका चौदा वर्षांच्या हिंदू मुलीचा. तिला पळवून, धर्म बदलायला लावून, एका पन्नाशीच्या माणसाशी तिचा निकाह लावला होता. मेहनाजची थोरली बहीण तिकडे सिंधमध्येच, सक्खरला वकील. दुसरं कुणी त्या पोरीचं वकीलपत्र घ्यायला धजत नव्हतं, तिने घेतलं.

डब्लिनच्याच ओंगार भागातल्या हॉलमध्ये मराठी मंडळींसमोर मेहनाज बोलली. मुक्ताने सुरुवातीलाच बजावलं होतं, कुणी रेकॉर्ड करायचं नाही. मेहनाजने मुलीचं नाव घेतलं नाही, पण बहिणीबद्दल, तिने घेतलेल्या वकीलपत्राबद्दल ती भरभरून बोलली. पहिल्या रांगेत नंदकुमारकाका बसले होते, नागपूरहून मुलाकडे आलेले. ते डोळे पुसत होते.

पुसता पुसता त्यांनी फोनही धरला होता. त्यांचा जीव कळवळला, म्हणून त्यांनी ते भाषण नागपूरच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर टाकलं. पुढे कुणीतरी ते कापलं, वर मुसलमानांना चार शिव्या घातल्या, आणि ते फिरत फिरत सक्खरला पोचलं. वकीलबाईच्या दाराशी माणसं जमली. लेकरांना घेऊन तिला शहर सोडावं लागलं. सुनावणीला पोरीच्या बाजूने कुणीच उभं राहिलं नाही आणि कोर्टाने तिला त्या ‘नवऱ्या’च्या ताब्यात दिलं.

हे सांगताना मेहनाजने मुक्ताला एका शब्दानेही बोल लावला नाही. मुक्ताला त्याचीच जास्त लाज वाटली.

ती तशीच ओंगारला काकांच्या मुलाच्या घरी गेली. काका दारातच खुशीत होते.

“ये बेटा. अगं, ते भाषण किती लोक पाहून राहिले, माहीत आहे? कॅनडात माझी भाची आहे ना, तिच्याकडे पण पोचलं.”

बसमध्ये तिने चांगलं खरमरीत बोलायचं ठरवलं होतं. त्यांचा फुललेला चेहरा पाहून तिचं अवसानच गळालं. काय झालं तेवढं तिने सांगितलं.

काका खुर्चीत बसले.

“मी तर चांगल्यासाठीच पाठवलं होतं ना.”

“माहीत आहे, काका.”

“थांब, डिलीट करून टाकतो.” त्यांनी चष्मा लावून व्हिडिओ शोधला, उडवला आणि फोन तिच्यापुढे धरला. “गेला, बघ.”

मुक्ताने मान हलवली. तिला वाद घालायचा नव्हता, घरी जाऊन झोपायचं होतं.

“तिच्यासाठी रोज देवाजवळ दिवा लावीन मी,” काका म्हणाले. “नाव काय गं त्या पोरीचं?”

नाव मुक्ताच्या ओठांवर आलं. काकांचे डोळे खरोखर भरून आले होते. हॉलमध्येही ते असेच भरून आले होते.

“नाव नाही सांगणार, काका,” ती म्हणाली, आणि तिने कोट उचलला.