शिवणवाल्या आजींची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आता माझं झाकण रबर लावून बसवावं लागतं. दुकानात होतो तेव्हा वाटायचं, आपण गाणी वाजवणार! पण मला नेलं इतिहासाच्या प्राध्यापक बाईंनी.

बाई युद्धाचा अभ्यास करायच्या. रणांगणावरच्या नव्हे, घराघरांतल्या. विभागप्रमुख चिडवायचे, "बाई, लढायचं सेनापतींनी आणि तुम्ही विचारणार शेजारणीला?"

"सर, सेनापतींच्या सदऱ्याला बटणं कुणी लावली, ते नको विचारायला?"

अशीच बटणं लावलेल्या एक शिवणवाल्या आजी होत्या. त्यांचा मुलगा युद्धावर गेला, तो परतलाच नाही. "एकदाच सांगेन गं," त्या म्हणाल्या. "पुन्हा नाही सांगवणार." बाईंनी मला सुरू केलं आणि आजी गप्पच बसल्या. दुसऱ्या कुणी मला बंद केलं असतं. बाईंची रीत वेगळी. समोरचं माणूस गप्प असलं, तरी मी फिरतच राहायचं. बऱ्याच वेळाने आजी बोलल्या.

कॅसेट भरली की बाई केसातली पिन काढून कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा चिमुकला तुकडा मोडायच्या. मग माझं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलंच जात नाही, नव्या आवाजाने जुना पुसला जात नाही. पण त्या दिवशी शेजारणीचा फोन आला, बाईंची लहानगी लेक तापाने फणफणली होती. बाई तशाच धावल्या.

लेक बरी झाली. तेवढ्यात आजी गेल्या. त्यांचे शब्द आता फक्त माझ्या पोटात होते, आणि तुकडा शाबूत होता.

एका दुपारी बाई गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. लेक माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिने कॅसेट पार मागे फिरवली, अगदी आईसारखी. मग लाल बटणावर बोट ठेवलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. बटण खाली गेलं. टेप सरकू लागली.

"अगं, काय केलंस हे!" गच्चीवरून आलेल्या बाईंनी झडप घालून मला थांबवलं. हात उगारला गेला, तो हवेतच राहिला.

"मी आजींशी बोलत होते," लेक रडवेली झाली.

बाईंनी कॅसेट मागे नेली. आधी लेकीचा आवाज आला, "बोला आजी. घाई नाही. मी ऐकतेय." मग खट्. मग नुसती खरखर. खरखर संपेचना.

आणि मग आजी बोलल्या, "सदरा त्याला ढगळ झाला होता. मीच शिवलेला, तरी."

लेकीला पोटाशी धरून बाईंनी केसातली पिन काढली.

पुसली गेली होती ती फक्त आजींची शांतता. तीही बाईंना हवी होती. पण लेकीचा आवाज त्यांनी तसाच ठेवला.

मित्रांनो, मला अडगळीत टाकलंत तरी चालेल. मात्र घरातलं कुणी सांगता सांगता गप्प झालं, तर लगेच उठून जाऊ नका. थोडं बसा.