तेल उतरत नव्हतं

तर झालं असं, की मिस्त्री गेले आणि त्यांच्या लोडरने तेल प्यायचं सोडलं.

लोडर म्हणजे खाणीतली खडी बकेटमध्ये उचलून डंपरमध्ये ओतणारं ते पिवळं धूड. म्हातारं इंजिन, आठवड्याला लिटरभर ऑइल गिळायचंच. वीस वर्षं मिस्त्रींनी ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं. जायच्या दहा दिवस आधी त्याचे इंजेक्टरसुद्धा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळ्या, त्यांनीच काढले, साफ केले, परत बसवले. आणि मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसले ते बसलेच. लोडर आला त्यांच्या जावयाकडे. खाणीवर सगळे त्याला जावईबापू म्हणायचे, आधी चेष्टेने, मग सवयीने.

पहिल्या आठवड्यात जावईबापूंनी ऑइल मोजायची पट्टी उपसली, तर पातळी जिथल्या तिथे. दुसऱ्या आठवड्यात रेघेच्या बोटभर वर. डंपरवाल्या लंबूच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "सासरा वरून भरून जातोय तुमचा. जिवंत होता तेव्हा तुमच्यावर विश्वास नव्हता, आता काय ठेवणारे?"

हसले सगळे. पण त्या दिवसापासून बंद लोडरच्या सावलीत डबा खायला कोणी बसेना. लंबूसुद्धा लांबून वळसा घालून जायला लागला.

आणि ही गोष्ट गेली मिस्त्रींच्या लेकीच्या कानावर. म्हणजे जावईबापूंच्या बायकोच्या. ती तिथेच, खाणीच्या फाटकाजवळ वजनकाट्यावर बसायची. बाप गेल्यापासून तिचं खाणं म्हणजे चिमणीचं, झोप तर नाहीच. ऐकलं तशी ती लोडरपाशी आली, पट्टी उपसून बघितली, दोन्ही हातांनी अलगद परत खोचली आणि म्हणाली, "बाबा येऊन गेले." त्या दिवशी ती पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

मग रोज सकाळी, काट्यावर बसायच्या आधी, ती यायची, पट्टी बघायची.

आता जावईबापू काही दूधखुळे नव्हते. एकदा त्यांनी पट्टीवरचं तेल दोन बोटांत चोळलं. पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं आणि हात तसाच राहिला. डिझेल. स्वच्छ डिझेलचा वास. इंजेक्टर पाझरत होता, डिझेल आतल्या आत खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं, म्हणून पातळी वाढत होती. भूत नाही, भानगड होती. आणि ती भानगड मिस्त्रींच्या हातची होती.

सांगायचं कसं? बायकोचा बाप पुन्हा एकदा मारायचा, आणि वर त्याच्या हाताला बट्टा लावायचा?

त्यांनी गुपचूप दोन बाटल्या ऑइल खालून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पट्टी बघितली. चेहरा असा उतरला, की बघवेना. "आज नाही आले," एवढंच म्हणाली. डबा तसाच परत आला.

जावईबापूंनी पुन्हा तेल काढलं नाही. शनिवारी इंजेक्टर उघडू, मनाशी म्हणाले. शनिवार आला, गेला. दुसराही गेला. केबिनमध्ये बसलं की पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटायचं. आरशात बघायचे तर नुसती धूळ.

आणि मग गुरुवार. भर दुपार, बकेट वर उचललेली, समोर लंबूचा डंपर. इंजिनाचा आवाज आपोआप चढायला लागला. पाय पेडलवरून काढला, तरी चढतोय. चावी फिरवली, तरी चढतोय. चावी उपसून हातात घेतली आणि इंजिन किंचाळतंय, पांढरा धूर असा, की डंपर दिसेना. ते डिझेल मिसळलेलं वाढीव तेलच आता इंजिन आत ओढून जाळत होतं. चावीला विचारतो कोण?

जावईबापू खाली उडी मारून उभे राहिले, चावी मुठीत. आणि खरं सांगायचं, तर स्वतःच्या बोटांवरचा डिझेलचा वास घेतलेला हा माणूस त्या क्षणी हात जोडून पुटपुटला, "मामा, पुरे आता."

धुरातून बायको धावत आली. "हवा बंद करा त्याची. बघताय काय?" तिने केबिनमधलं रबरी पायपुसणं ओढून काढलं, दोघांनी मिळून हवेच्या पाइपच्या तोंडावर दाबलं. रबर आत खेचलं गेलं, हात सुटतायत की काय असं झालं. मग आतून एक धाडकन आवाज. काहीतरी तुटलं. लोडर हादरला आणि गप्प झाला. खालून तेलाची धार लागली.

मालक आले. वाकून बघितलं, तेल बोटावर घेतलं, हुंगलं. "इंजेक्टर. पिस्टन फुटलाय, इंजिन गेलं. शेवटचा हात कोणाचा होता याला?"

"माझा," जावईबापू म्हणाले. "मीच उघडले होते मध्ये."

"खोटं बोलू नका." बायको खाली तेलाकडे बघत होती. "बाबांनी बसवले. टॉर्च मी धरला होता. हात कापत होता त्यांचा, नवी रबरी रिंग पडली, सापडेना. जुनीच बसवली. म्हणाले, चालेल, कोणाला सांगू नकोस."

मालकांनी तेलाचं बोट पँटला पुसलं. टोपी काढली, परत घातली आणि निघून गेले. लंबूही पहिल्यांदाच तोंड मिटून गेला.

इंजिन गार होत होतं. टिक, टिक, आत कोणी एकेक पान्हा जागेवर ठेवतंय असं. दोघं तिथेच दगडावर बसले.

"म्हणजे तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी वास घेतला नव्हता. रोज पट्टी बघायचे, पण नाकाजवळ नेली नाही कधी. मुद्दाम." तिने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही?"

टिक, टिक.

"मी घेतला होता."

"कधी?"

"तू जेवायला लागलीस, त्या आठवड्यात."

ती उठली नाही. रडलीही नाही. फक्त त्यांच्या मुठीतली चावी काढून घेतली, आणि आतला आवाज पूर्ण थांबेपर्यंत दोघांपैकी कोणी लोडरकडे पाठ केली नाही.