खंडोबाच्या टाकाचा फोटो

कार्तिकचे लग्न होऊन गायत्री तंजावरकडच्या मेलकावेरी गावातल्या घरात सून म्हणून आली, ते २०२३ साल. त्याच वर्षी दिवाळी उलटल्यावर घरचा खंडोबा फाटला.

खंडोबा म्हणजे टाक. तळहाताएवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घोडेस्वार. पूर्वज मराठी फौजेबरोबर तंजावरला उतरले तेव्हा तो कोणाच्या तरी कमरेला बांधून आला, असे घरात सांगत. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून पत्रा कागदासारखा झाला होता. त्या सकाळी कार्तिकच्या आई वत्सलाबाईंच्या अंगठ्याखाली तो मधोमध चिरला.

भंगलेला देव रात्रभर घरात ठेवायचा नाही, ही त्या घरची रीत. दुपारच्या आत वत्सलाबाई टाक घेऊन कावेरीवर गेल्या. सून बरोबर होती. ती भीतभीत सासूला म्हणाली, "आत्या, सोडायच्या आधी एक फोटो काढू या का?"

"फाटक्या देवाचा फोटो? शिव शिव! चांगल्या देवाचे रग्गड फोटो आहेत गे माझ्या फोनमध्ये."

आणि त्यांनी टाक पाण्यात सोडला.

वत्सलाबाईंचे सासरे मुकुंदराव तेव्हा अंथरुणाला खिळले होते. वय अठ्ठ्याऐंशी, पाय सुजलेले, दोन वाक्यांत एकदा दम घ्यायचा. डॉक्टरांनी कार्तिकला बाजूला घेऊन जे सांगायचे ते सांगितले होते. टाक गेल्याचे कळल्यावर म्हाताऱ्याने मान उशीवरून उचलली.

"चंपाषष्ठीला नवा टाक मी माझ्या हाताने बसवणार," ते म्हणाले. "पण तोच हवा. भलताच कोणी स्वार आणून माझ्या देव्हाऱ्यात उभा केलात, तर मी हात लावणार नाही. देव्हारा रिकामा टाकून जाईन."

"असं अभद्र काय बोलता, मामंजी? हुबेहूब करून आणते," वत्सलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बसने स्वामीमलैला गेल्या. सुंदरेश स्थपती मेणात मूर्ती कोरून ओतायचा. त्याने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि फोन परत त्यांच्यापुढे धरला.

"अम्मा, ह्यात तोंड कुठे आहे?"

वत्सलाबाईंनी चष्मा सारखा केला. खंडोबाच्या तोंडाच्या जागी राखाडी चौकोन होते, फरशा बसवल्यासारखे. त्यांनी दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. सगळीकडे त्याच फरशा. मग त्यांच्या ध्यानात आले की हे रग्गड फोटो नव्हतेच. तो एकच फोटो होता. त्यांचे यजमान व्यंकटेशराव हयात असताना कार्तिकच्या मुंजीत त्यांनी ओल्या धोतराने, देवघराच्या उंबऱ्याबाहेरून काढलेला. दर सणाला त्यावर कुंकवाचे बोट नि शुभेच्छा चढवून त्या तो सोयऱ्यांना पाठवत आल्या होत्या. एका सणाचा फोटो घेऊन पुढच्या सणाचा करायचा.

"थोडं अंदाजाने कोरा की," त्या म्हणाल्या.

"अंदाजाने कोरायचं तर फोटो कशाला आणलात? उद्या तुमचे मामंजी म्हणाले हा आमचा नव्हे, तर शिव्या मला." सुंदरेश हसला, पण त्याने फोन परतच दिला. "चंपाषष्ठीला हवा असेल तर ह्या शुक्रवारी मेण हातात घ्यायला लागेल. मेणावर चढवलेली माती वाळायला वेळ लागतो, ती माझं ऐकत नाही."

घरी पाय ठेवताच आतून हाक आली. "वत्सले, झालं का?"

"होतंय, मामंजी."

मुंजीतला कॅमेरा कपाटात जुन्या रेशमी साडीखाली सापडला. आतले कार्ड नखाएवढे. गायत्री ऑफिसात होती, पण थांबायला धीर कुठला? कार्तिकच्या कॉम्प्युटरला त्यांनी कार्ड लावले. पडद्यावर प्रश्न आला: हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवे, करू का? फोन असे काही ना काही रोज विचारायचा आणि त्या रोज हो म्हणायच्या. त्या हो म्हणाल्या.

कार्ड उघडले. आत काहीच नव्हते. बिघाड कॅमेऱ्यात असेल म्हणून त्यांनी त्यात नवे सेल घातले, कार्ड परत बसवले आणि देव्हाऱ्यातल्या रिकाम्या पाटाचा एक फोटो काढून पाहिला. तो छान आला. पण तेवढा एकच दिसत होता.

गायत्री आली तेव्हा सासू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. सगळे ऐकल्यावर सुनेने कॅमेरा हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. "आता ह्याला अजिबात हात लावू नका, आत्या. चला, मुरलीकडे जाऊ."

मुरलीचा फोटो स्टुडिओ महामखम तळ्याजवळ होता. त्याने आधी एकच विचारले, "फॉरमॅट केल्यावर नवीन फोटो काढला?"

"एकच," वत्सलाबाई पुटपुटल्या.

"ऐय्यो, अम्मा! फॉरमॅटने फोटो जात नाहीत. कुठला कुठे ठेवलाय एवढंच कार्ड विसरतं. पण नवा काढला की तो जुन्याच्या अंगावर जाऊन बसतो."

"कुणाच्या अंगावर बसला असेल?"

"बघायचं. देव देवाला राखतो का ते."

कॉम्प्युटर कार्ड धुंडाळू लागला. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती. मुंजीतले जेवणाचे पान आले. गोटा केलेला कार्तिक आला. व्यंकटेशराव आले, कोणाला तरी हसत. त्यांच्याकडेही वत्सलाबाईंना नीट पाहवेना. पट्टी संपत आली तेव्हा देवघराचा उंबरा आला आणि मुरलीने तो फोटो उघडला.

वरचा अर्धा भाग लख्ख. खंडोबाचे तोंड, मिशी, वर उगारलेली तलवार, मागे बसलेल्या म्हाळसेच्या नाकातली नथसुद्धा. आणि स्वाराच्या कमरेखाली सगळे करडे. तेवढ्या भागावर रिकामा पाट जाऊन बसला होता.

"अर्धा देव घेऊन मी काय करू?" वत्सलाबाई म्हणाल्या.

मुरलीने त्यांचा फोन मागून घेतला. सणाचा फोटो त्याने ह्या फोटोशेजारी लावला. "फोटो लहान करताना मशीन आधी बारीकसारीक फेकतं, अम्मा. शेजारशेजारचे रंग जवळजवळ सारखे दिसले की एकच धरतं. दर वेळी थोडं फेकतं. म्हणून तुमच्या फोनमध्ये नाक-डोळे राहिले नाहीत. पण मोठं सहसा फेकत नाही. हे पाहा, घोड्याचे पाय. हा पुढचा उचललेला. बारीक काम कॅमेऱ्यातून घ्या, खालचं ठोकळ फोनमधून."

"आणि पायांमधला हा काळा डाग?"

"तेवढं मला सांगता येणार नाही. धोंडा असेल, कुत्रा असेल. फुटका पत्रासुद्धा असेल."

आता लपवून भागणार नव्हते. शुक्रवारी सकाळी वत्सलाबाई सासऱ्यांच्या उशाशी बसल्या आणि झाले ते सांगितले. कावेरीवर फोटो काढू दिला नाही तेही, कॉम्प्युटरला हो म्हटले तेही, घोड्याच्या पायांमधला डाग ओळखू येत नाही तेही. मुकुंदरावांनी डोळे मिटून ऐकले. त्यांची छाती वर-खाली होत होती.

"अर्धा घालवलास म्हणजे," ते म्हणाले.

"हो, मामंजी."

"घोड्याखाली काय आहे, ते विचारील काय तो सुंदरेश?"

"हो."

"देवाच्या तोंडाकडे बघायचा मला कधी धीर झाला नाही. बाप मागे उभा असायचा. पण लहानपणी पूजेला बसलो की खालचा कुत्रा बघायचो. कान खाली पाडलेला. तोंड घोड्याच्या मागल्या पायाकडे." दम घेऊन ते पुढे म्हणाले, "जा आता. बस चुकेल."

चंपाषष्ठीच्या सकाळी गायत्रीने त्यांना मागून आधार देऊन बसवले. वत्सलाबाईंनी नवा टाक त्यांच्या हातात दिला आणि त्या बाजूला झाल्या. म्हाताऱ्याने तो उजेडाकडे धरला. बराच वेळ तोंडाकडे पाहिले, ह्या खेपेला डोळे न चुकवता.

"हाच," ते म्हणाले, आणि त्यांनी तो आपल्या हाताने पाटावर बसवला.

मुकुंदराव दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, १९ डिसेंबर २०२३ रोजी, सकाळी मेलकावेरीच्या राहत्या घरी वारले.