अर्धंच सांगितलेलं

अठ्ठ्याण्णव साली जळगावात गुडघा बदलणं ही नवलाचीच गोष्ट होती. शेवंताबाईंना त्यासाठी राजी करता करता त्यांच्या मुलाचं, पितांबरचं, डोकं उठलं होतं. म्हणून भुलीच्या डॉक्टरांनी जे बजावलं, त्यातलं त्याने आईला अर्धंच सांगितलं. मांडीतल्या नसेजवळ इंजेक्शन देतील, गुडघा दुखणार नाही, एवढं सांगितलं. पाय उद्या दुपारपर्यंत लुळा राहील, उभं राहायचं नाही, हे गिळून टाकलं. लुळा म्हटलं असतं तर म्हातारीने तडक यावलची एसटी धरली असती. आपण आहोत की उशाशी, अशी त्याने मनाची समजूत घातली. शहाणाच तो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई हसत होती. कुठे म्हणून दुखत नव्हतं. पितांबर खाली चहाला गेला आणि तेवढ्यात तिचे थोरले दीर, उखर्डूआबा, केळी घेऊन दाराशी येऊन खाकरले. जेठापुढे ती जन्मात कधी बसून राहिली नव्हती. तिने पदर डोक्यावर ओढला, पाय खाली टेकवले आणि उठली. पाय दुमडला. ती गुडघ्यावरच पडली, टाके उसवले.

टाके पुन्हा घातले. तोवर पहिल्या इंजेक्शनचा असर उतरला होता. पलंगाची दांडी धरून ती कण्हत होती. डॉक्टर पुन्हा इंजेक्शन द्यायला आले तर तिने हात जोडले. पाय माझाच खोटा निघाला, दुखू द्या, म्हणजे उठायची हिंमत व्हायची नाही, म्हणाली. बाहेर बाकावर आबा येईल त्याला सांगत होते, आपण खाकरलो नसतो तर ती उठली नसती. दोघांनी गुन्हा वाटून घेतला होता आणि खरा गुन्हेगार दोघांना पाणी देत फिरत होता. पितांबरला स्वतःची किळस आली.

शेवटी आईचं कण्हणं ऐकवेना. त्याने पायथ्याशी बसून सांगून टाकलं. पाय औषधाने लुळा पडला होता, डॉक्टरांनी बजावलं होतं, मीच लपवलं.

तेवढ्यात डॉक्टर पुन्हा विचारायला आले. आईने त्यांच्याकडे बघून मान हलवली, द्या म्हणून. पितांबरला म्हणाली, "मले सांगतलं. आता आबाले सांग."

बाहेर आबांच्या चहावर साय धरली होती. त्याला पाहून ते सरकले, बाकावर जागा केली.

"बस रे बाबा. कालपासून एकटाच राबतो तू."

पितांबरला बसवेना.