खुनांचा फळा

मित्रांनो, मी शाळेतून निवृत्त झालेला एक जुना फळा आहे. एका सुताराने जाड फळ्या जोडून मला घडवले, काळा रंग चढवला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा माझ्यामागेही टिकेल." टिकलो. चौथीच्या वर्गात मी पाढे सोसले, नकाशे सोसले आणि मास्तर बाहेर गेले की पोरांनी काढलेली मास्तरांची चित्रेही सोसली. मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी भंगारवाल्याच्या दारात झाली. तिथून एका बाईंनी मला उचलले. सरपण होण्यापेक्षा हे बरे, असे मला वाटले.

या बाई लेखिका होत्या. शाळेच्या सवयीने मी त्यांना बाईच म्हणतो. त्या रहस्यकथांची मालिका लिहीत. त्यात गुन्हे शोधणारा कुणी पोलीस नव्हता, तर गल्लीच्या टोकाला दुकान असलेली एक शिंपीणकाकू होती. माप घेता घेता ती माणसाच्या पोटातले काढून घेई. कोण वाळला, कुणाचा खांदा उतरला, कुणी बटण घाईघाईत लावले, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. त्या पुस्तकांत रक्त फारसे सांडत नसे. मरणारा इतका खाष्ट असे की वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकावा. शेवटच्या पानावर खुनी सापडला की उरलेले सगळे चहाला बसत.

बाईंची एक रीत होती. अख्खा खून आधी माझ्यावर मांडायचा. वर मेलेल्याचे नाव, खाली संशयित, मध्ये बाणांचे जाळे. फळा भरल्याशिवाय त्या टेबलाशी बसत नसत. घरी आलेले वाचक मला 'खुनांचा फळा' म्हणत आणि माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. खोटे कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

प्रेताचे काम बाईंच्या यजमानांकडे असे. त्यांचे पूर्वी औषधांचे दुकान होते. औषधाबरोबर ते पोरांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवत, म्हणून सगळे त्यांना गोळीकाका म्हणत. बाई "अहो, जरा मरून दाखवा" म्हणाल्या की काका चष्मा काढून ठेवत आणि जमिनीवर आडवे होत. खुर्चीतून घसरलेला, जिन्यावरून ढकललेला, विष प्यायलेला, सगळे प्रकार त्यांना येत. बाई एकदा वळून बघत आणि मग माझ्याकडे तोंड करून लिहीत. काकांना गप्प राहणे मात्र जमत नसे.

"अगं, प्रेताला चहा मिळेल का?"

"प्रेत बोलत नाही."

"पाठ गार पडली गं."

"प्रेताची पडणारच."

लेक माहेरी आलेली असली की हसून हसून बेजार होई. "आई, किती छळशील बाबांना," असे म्हणे आणि स्वतःच चहा टाकायला जाई. त्या घराचा तो खेळच होऊन बसला होता.

मित्रांनो, फळ्याचे तोंड खोलीकडे असते आणि लिहिणाऱ्याची पाठ. त्यामुळे मला दिसे ते बाईंना दिसत नसे. काकांचा डावा हात बटणे लावताना चाचपडू लागला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले होते. शिंपीणकाकूने हे दारातूनच ओळखले असते. ती बाईंच्याच डोक्यातून निघालेली, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसे झाले. बाईंना नव्या पुस्तकाची घाई होती आणि प्रकाशकाचे फोनवर फोन येत होते.

त्या दुपारी बाई माझ्यावर जिन्याच्या पायथ्याशी पडलेला माणूस मांडत होत्या. काका मागच्या खुर्चीतून उठले आणि धाडकन पडले. त्यांना कुणी पडायला सांगितले नव्हते. बाईंनी मान वळवून पाहिले. एक हात अंगाखाली, तोंड एका बाजूला.

"वा, झकास," बाई म्हणाल्या. "असेच राहा. हलू नका." आणि त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"अगं," काका म्हणाले. शब्द जड झाला होता.

"प्रेत बोलत नाही."

"अगं... ए..."

"अहो, आत्ता कुठे सुचतंय. जरा गप्प राहा ना."

काका गप्प राहिले.

खडू माझ्या अंगावर खटखट चालत होता. काकांचे डोळे उघडे होते आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मला ओरडावेसे वाटले. पण फळ्याला स्वतःचे असे काही सांगता येत नाही. बाईंनी बाण काढले, एक संशयित पुसला, दुसरा घातला, खालच्या कडेपर्यंत आल्या. मग हात झटकत म्हणाल्या, "उठा आता. चहा टाकते."

काका उठले नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ झाली आहे, जरा लवकर आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातच काका गेले.

घर माणसांनी भरले. जो तो म्हणे, "निदान तुम्ही जवळ होतात." लेक प्रत्येकाला सांगे, "आई त्याच खोलीत होती. बाबा एकटे नव्हते, तेवढंच समाधान." ते ऐकून बाईंचा चेहरा पांढराफटक पडे आणि त्या आत निघून जात. लेकीला तेवढाच आधार होता. तो काढून घ्यायचा, की तिला खोट्यावर जगू द्यायचे? रात्री सगळे झोपले की बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहत.

एके सकाळी लेक ओले फडके घेऊन मला पुसायला आली. बाई दारात उभ्या होत्या.

"पुसू नकोस. आधी वाच."

लेकीने वाचले. "नव्या पुस्तकाचं आहे ना?"

"तुझ्या बाबांनी मला हाक मारली होती. दोनदा. मी म्हटलं, प्रेत बोलत नाही."

लेकीला सवयीने हसू आले आणि ते अर्ध्यावरच थांबले. मग तिने अगदी हळू विचारले, "किती वेळ, आई?"

बाईंनी माझ्याकडे बोट केले. "हे सगळं लिहून होईपर्यंत."

लेकीने मला पुन्हा वाचले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या बाणापर्यंत. मग फडके माझ्या चौकटीवर ठेवले, चपला घातल्या आणि निघून गेली. त्यानंतर ती आलेली नाही. शिंपीणकाकूचे पुस्तकही पुन्हा निघाले नाही. बाई आता माझ्याकडे तोंड करून बसत नाहीत. त्या खुर्ची फिरवून, काका जिथे पडले त्या जमिनीकडे बघत बसतात.

मित्रांनो, आता मी 'जुन्या फळ्यांना जपा' असे सांगेन, असे तुम्हाला वाटेल. मला नाही जपलेत तरी चालेल. पण मागून घरातले कुणी हाक मारली, तर हातातले काम टाका, उठा, जवळ जाऊन बघा. थट्टा निघाली तर फार तर तुमची फजिती होईल.