थंडर पॉइंट वाजताना

त्या गाण्याला शब्द नव्हते. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम आणि मधोमध एक गडगडाट. तेवढ्यावर 'ब्रेकवॉटर फोर' या चार पोरांच्या ताफ्याचं नाव किनाऱ्याकिनाऱ्यानं पसरलं.

गडगडाट निकोचा. सॅन पेड्रोच्या बंदरावर मासे डब्यात भरणाऱ्या झुविचांचं हे शेंडेफळ. रेकॉर्डिंगच्या दिवशी बेस वाजवता वाजवता तो मागे सरला आणि त्याची टाच गिटारचा आवाज घुमवणाऱ्या पेटीवर बसली. आतल्या स्प्रिंगा अशा खणाणल्या, की समुद्रच उठून खोलीत आल्यासारखं झालं. निको ओशाळला. पण त्याचा जिवाभावाचा मित्र मर्ल, ज्याची गिटार सगळ्यांत पुढे असायची, तो हसून म्हणाला, "राहू दे रे. तुझी चूक माझ्या सगळ्या सुरांहून गोड आहे."

त्या एका वाक्याच्या सावलीत निको दोन वर्षं जगला.

रेडिओवर 'थंडर पॉइंट' लागायला लागलं आणि कॉलेजच्या पोरांनी त्यावर एक रीत पाडली. गडगडाट झाला, की नाचणाऱ्यानं असेल तिथे धाडकन आडवं व्हायचं, लाटेनं झोपवल्यासारखं. ड्रम पुन्हा बोलेपर्यंत उठायचं नाही. निको स्टेजवरून बघायचा. त्यानं टाच मारली, की वाऱ्यानं पीक झोपावं तशी माणसं झोपायची.

दुसरी तबकडी निघाली, चालली नाही. तिसरीला तर रेडिओवाल्यांनी उंबऱ्याच्या आतही घेतलं नाही. सप्टेंबरात मर्ल त्यांच्या ताफ्याचा व्यवहार बघणाऱ्या प्रुइटला भेटून निकोच्या दारी आला तो मान खाली घालूनच.

"प्रुइटसाहेब म्हणतात, यंदाच्या हिवाळ्यात एकही कार्यक्रम नाही. लोकांना आता इंग्लंडची पोरं हवीत."

"मग आपण काय करायचं?"

"थांबायचं. पेटी दे इकडे, दुरुस्तीला टाकतो. तुझ्या लाथा खाऊन तिचा जीव गेलाय पार."

निकोनं स्वतः पेटी उचलून मर्लच्या गाडीत ठेवली. आजीनं विणलेली लाल-पांढरी घोंगडी तिच्यावर घातली, निजल्या लेकराला पांघरूण घालावं तशी. मग तो कारखान्यात रुजू झाला. हाताला माशाचा वास, ओठावर गाण्याची शीळ. आईला वाटायचं, पोरगं सुखात आहे.

एका संध्याकाळी त्याच्या मावसबहिणीचा, दानित्साचा फ्रेस्नोहून फोन आला. ती तिथे कॉलेजात होती.

"काय रे शहाण्या, शनिवारी आमच्या गावात वाजवायला येतोयस आणि मला पत्ताही नाही? भिंतीभिंतीवर कागद लागलेत. ब्रेकवॉटर फोर, मॅच संपल्यावर, कॉलेजच्या पोरांच्या फ्रॅटर्निटी-घरापुढच्या हिरवळीवर."

"मी नाही येत."

"मग कोण येतंय, तुझं भूत?"

निकोनं फोन ठेवला. तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे चेहरे नव्हतेच. एक लाट होती आणि पोहण्याच्या कपड्यातली एक मुलगी, तीही या चौघांनी कधी पाहिलेली नव्हती. अशा बिनचेहऱ्याच्या नावाखाली कुणीही उभं राहू शकतं. नावं चोरणारे फिरतात, हे त्यानं ऐकलं होतं.

तो धावत मर्लच्या घरी गेला. मर्लच्या आईनं दार उघडलं. "तो मामाकडे गेलाय रे, संत्र्याच्या बागेत. तुला बोलला नाही?"

म्हणजे बिचाऱ्याला ठाऊकच नाही. ठीक आहे, आपणच जाऊ. शनिवारी बापाचा ट्रक घेऊन निको घाट चढला. वाटभर तो बोलायचं ते घोकत होता. हे नाव आमचं आहे. माझं आहे, मर्लचं आहे.

हिरवळीवर माणूस मावत नव्हता. स्टेजवर चार अनोळखी पोरं, अंगात निकोच्या ताफ्याचेच निळ्या पट्ट्यांचे शर्ट. दानित्सा म्हणाली, "तुझ्या भुताला केस बरे आहेत की."

निको हसला नाही. बेसवाल्याच्या पायाशी पेटी होती आणि पेटीखाली घडी केलेली लाल-पांढरी घोंगडी. दुरुस्तीवाल्यानंच विकली असणार, चोर लेकाचा, असं त्यानं मनाला समजावलं. थांब, आता पकडले जातील. गडगडाट येरागबाळ्याला जमत नाही. पायाच्या बोटांनी मारलं तर पेटी नुसती खोकते. डाव्या कोपऱ्यावर, सपाट टाचेनं मारावं लागतं. ते फक्त निकोला येत होतं. आणि एका दुपारी धक्क्यावर बसून त्यानं ते मर्लला शिकवलं होतं.

गाणं मध्यावर आलं. बेसवाल्यानं टाच उचलली, सपाट, डावीकडे.

समुद्र उठला.

सगळी हिरवळ आडवी झाली. पोरं, पोरी, हातातले पेले, दानित्सा. तिनं खाली ओढलेली निकोची बाही सुटून गेली. तो उभाच होता. समोरच्या ओसरीखालीही सगळे आडवे, त्यांत एकच माणूस उभा, हातात पेला धरून.

मर्ल.

वाजवणाऱ्यांना पडायची सवय कुठली? दोन वर्षं ते फक्त इतरांना पाडत आले होते. झोपलेल्या माणसांवरून दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग ड्रम बोलला आणि उठलेल्या गर्दीनं मर्लला झाकून टाकलं.

निको गर्दीतून ओसरीकडे गेला. मर्ल पळाला नव्हता.

"संत्री काय म्हणतात मामाची?" निकोनं विचारलं.

"निको, ऐकून घे. प्रुइटनं आपल्याच नावाचे तीन ताफे केलेत, एकेका भागात एकेक. कुणीतरी शिकवायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या कुणी शिकवलं असतं."

"दुसऱ्या कुणाला टाच ठाऊक नव्हती."

मर्लनं पेला ओसरीवर ठेवला. "तुला सांगितलं असतं तर तू भांडला असतास."

"भांडलो असतोच. आपल्या चौघांसाठी."

एवढ्यात बेसवाला घाम पुसत आला. गोड चेहऱ्याचं, हसरं पोर. "बसली ना आज बरोबर?" त्यानं मर्लला विचारलं. मग निकोकडे वळून, पाहुण्याला मान द्यावा तसं म्हणाला, "याची कमाल ठाऊक आहे का तुम्हाला? रेकॉर्डिंगच्या दिवशी चुकून याचीच टाच पेटीवर बसली. हा म्हणाला राहू दे, आणि तेच गाणं झालं."

निकोनं मर्लकडे पाहिलं. नाव गेलं, पेटी गेली, ते सोसवलं असतं. पण चूकसुद्धा?

"हे कोण?" पोरानं विचारलं.

मर्लचे ओठ हलले. "गावचा आहे. ओळखीचा."

पोरानं हात पुढे केला. निकोनं तो हातात घेतला. टाच किंचित उशिरा पडते, हे सांगायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात हात सोडवून पोर स्टेजकडे पळालं. हिरवळीवर पुन्हा तेच गाणं हवं म्हणून आरोळ्या सुरू झाल्या होत्या. या नावाजवळ दुसरं गाणं होतंच कुठे?

तो दानित्साशेजारी जाऊन उभा राहिला. "जायचं का?" तिनं हळूच विचारलं. तिला सगळं समजलं नव्हतं, पण त्याचा चेहरा दिसत होता.

"एवढं ऐकू."

सूर चढत गेले. मर्ल ओसरीखाली तसाच उभा, नजर इकडेच लागलेली. टाच पडली.

निको आडवा झाला. पाठीखाली गवत गार होतं, कुणाचं तरी मनगट त्याच्या खांद्याला लागलं होतं. आजवर त्यानं हा गडगडाट वरूनच ऐकला होता. खालून तो जमिनीतून येत होता, बरगड्यांतून जात होता. अगदी त्याचाच होता.

डोळे मिटण्याआधी त्याला झोपलेल्या माणसांपलीकडे मर्ल दिसला. आता एकटाच उभा होता.